कोड : ना पाप, ना शाप, ना संसर्ग

एखाद्या मुलीच्या ओठावर किंवा बोटाच्या पेरावर पांढरा ठिपका दिसला की घरात कुजबुज सुरू होते. आई तो ठिपका पावडरीने झाकते, शेजारीण मासे आणि दूध एकत्र खाल्ले असेल म्हणते, आजी मागच्या जन्माचे काढते. नात्यातली माणसे हळूच विचारतात, "हिच्या धाकट्या बहिणीचे कसे होणार?" पुढे ठिपके वाढले की मुलीचे शाळेच्या स्नेहसंमेलनात जाणे थांबते, लग्नकार्याला जाणे थांबते आणि घरात पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. आजार कातडीचा असतो, पण शिक्षा सगळ्या आयुष्याला होते.

वाचकहो, जगात साधारणपणे शंभर माणसांमागे एकाला कोड असते. म्हणजे हजार-बाराशे माणसांच्या वस्तीत दहाबारा माणसे कोडाची असू शकतात. त्यांतील निम्म्यांना पहिला डाग वयाच्या विशीच्या आत येतो, म्हणजे नेमका शाळा-कॉलेजच्या आणि लग्नाच्या वयात. म्हणून कोड म्हणजे नेमके काय, ते कशाने होते आणि कशाने होत नाही, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी कातडीच्या आत डोकावून पाहिले आहे. त्यांना तेथे काय दिसले, ते साध्या भाषेत समजून घेऊ.

नावाचा घोटाळा

पहिला घोटाळा नावाचा आहे. कोडाला कोणी कोणी 'श्वेतकुष्ठ' म्हणतात. 'कुष्ठ' हा शब्द ऐकला की माणूस दचकतो आणि दूर सरकतो. पण कोड आणि कुष्ठरोग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. हा जंतू नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. कोडात कोणताही जंतू नसतो. त्यामुळे हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने किंवा शेजारी झोपल्याने कोड होत नाही. नवरा-बायकोच्या संबंधातूनही ते लागत नाही.

दोन्हींत फरक कसा ओळखावा? कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि त्या जागेची संवेदना कमी झालेली किंवा गेलेली असते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तेथे स्पर्श, थंड-गरम, टोचणे सर्व काही नेहमीसारखे कळते. घरी शंका आली तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने डागावर हलकेच स्पर्श करून पाहावा. स्पर्श कळला नाही तर एक दिवसही न दवडता सरकारी दवाखान्यात जावे. कुष्ठरोगावरची औषधे तेथे मोफत मिळतात आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचाराने तो पूर्ण बरा होतो. त्या रुग्णालाही दूर लोटण्याचे कारण नाही.

प्रत्येक पांढरा चट्टा कोडाचा असतो असेही नाही. लहान मुलांच्या गालावर फिकट, खरखरीत चट्टे येतात. घामाच्या दिवसांत पाठीवर आणि छातीवर शिबे उठतात, ते बुरशीमुळे येतात आणि साध्या औषधाने जातात. त्यामुळे शेजाऱ्याने केलेल्या निदानावर रडत बसू नये. निदान डॉक्टरने करावे.

रंग कोठून येतो

आपल्या कातडीचा सर्वात वरचा थर बहुतेक ठिकाणी कागदाइतका पातळ असतो. या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते.

येथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कशा प्रकारचे रंगद्रव्य बनवतात एवढाच. माणसामाणसांत ज्या रंगावरून एवढे भेद केले जातात, त्या रंगाचा सगळा पसारा एवढाच आहे.

कोडात ज्या जागी डाग पडतो तेथील रंगपेशी मरतात. त्या का मरतात, हा खरा प्रश्न आहे.

प्राणवायूची दुसरी बाजू

प्राणवायूशिवाय आपण जगू शकत नाही. पण लोखंडाला गंज चढवतो तोही प्राणवायूच आणि कापलेले सफरचंद काळे पाडतो तोही प्राणवायूच. शरीरात प्राणवायू वापरला जात असताना त्याचे काही तिखट, भडक अंश तयार होतात. ते पेशींच्या आवरणाला, प्रथिनांना आणि आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. कातडीवर हा मारा दुहेरी असतो. आतून शरीराचा नेहमीचा व्यवहार चालू असतो आणि बाहेरून ऊन, धूर आणि रसायने येत असतात.

या माऱ्यापासून वाचवण्यासाठी शरीराने राखणदार नेमलेले आहेत. त्यांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. ही प्रथिने शरीरातील रासायनिक कामे झटपट उरकतात. प्राणवायूच्या या भडक अंशांना शांत करणारी तीन विकरे प्रमुख आहेत.

पहिले सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याच्या रचनेत तांबे आणि जस्त असते, तर पेशीतील ऊर्जाकेंद्रातल्या त्याच्या भावंडात मँगनीज असते. हे तांबेयुक्त प्रथिन १९३८ पासून शास्त्रज्ञांना माहीत होते, पण ते केवळ तांब्याचा साठा असावे असा समज होता. त्याचे खरे काम १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी शोधून काढले. सुपरऑक्साइड नावाचा भडक अंश पकडून त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करणे हे त्याचे काम आहे.

दुसरे कॅटलेज. त्यात लोह असते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते. कॅटलेजचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लाखो रेणू निकालात काढतो. तिसरे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. त्यात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य असते आणि तेही पेरॉक्साइडचाच निकाल लावते.

कचेरीत काम करणाऱ्यांना ही व्यवस्था लगेच समजेल. पहिल्या टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर जाते आणि तेथे तिचा निकाल लागतो. दुसऱ्या टेबलावरचा माणूस रजेवर असेल तर पहिल्याने कितीही झपाट्याने काम केले तरी फायली साचतच जातात. कातडीतही तसेच होते. कॅटलेज कमी पडले की पेरॉक्साइड साचते. साचलेल्या पेरॉक्साइडची लोहाशी गाठ पडली की त्यातून आणखी घातक अंश तयार होतात.

कॅटलेजचे काम डोळ्यांनी पाहता येते. दवाखान्यात जखम धुताना जे औषध टाकल्यावर पांढरा फेस येतो, ते हायड्रोजन पेरॉक्साइड असते. तो फेस म्हणजे आपल्या रक्तातील आणि पेशींतील कॅटलेजने मोकळा केलेला प्राणवायू. तेच औषध कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाकले तरी फेस येतो, कारण बटाट्यातही कॅटलेज असते. मुलांना हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली जरूर दाखवावा.

निरोगी कातडीत हे राखणदार कोठे किती असतात, याची मोजणी १९९४ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. वरच्या थरात ही सर्व विकरे आतल्या थरापेक्षा जास्त आढळली आणि कॅटलेज तर कित्येक पट जास्त. जेथे ऊन आणि हवा थेट भिडते तेथेच पहारा कडक ठेवलेला आहे.

ज्या मुलीच्या जखमेवर फेस आला नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. कान-नाक-घशाचे डॉक्टर शिगेओ ताकाहारा एका लहान मुलीच्या तोंडातील सडलेल्या जखमेवर शस्त्रक्रिया करीत होते. जखम धुण्यासाठी त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले. फेस आला नाही, उलट रक्त काळपट पडले. औषध चुकले असावे असे त्यांना प्रथम वाटले. तपास करता करता त्यांच्या लक्षात आले की या मुलीच्या रक्तात कॅटलेजच नाही. तिच्या भावंडांपैकी काहींतही तोच दोष होता. हा दोष जन्मजात आणि आनुवंशिक होता. १९५२ मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी त्याची हकीकत छापली. कॅटलेज नसले तर शरीराचे काय होते, याचा हा पहिला धडा होता.

या मुलीला कोड नव्हते, तिचा आजार वेगळा होता. पण एका विकराच्या कमतरतेने केवढा फरक पडतो, ते जगाला दिसले.

कोडात काय बिघडते

१९९१ मध्ये जर्मनीतील त्वचारोगतज्ज्ञ कॅरिन शालरॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडाच्या रुग्णांच्या कातडीतील कॅटलेज मोजले. ते निरोगी माणसांपेक्षा कमी भरले. विशेष म्हणजे ते केवळ पांढऱ्या डागातच नव्हे, तर त्याच रुग्णाच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही कमी होते. पुढे १९९९ मध्ये याच गटाने रुग्णांच्या कातडीत हायड्रोजन पेरॉक्साइड साचलेले असल्याचे दाखवले. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, पिकलेल्या केसांतही पेरॉक्साइड साचलेले आणि कॅटलेज घटलेले त्यांना आढळले.

रंगद्रव्य बनवण्याच्या कामात पेरॉक्साइड तयार होतेच. त्यामुळे रंगपेशी मुळातच धोक्याच्या जागी काम करणाऱ्या कामगारासारखी असते. त्यात पहारा ढिला पडला की ती कासावीस होते आणि संकटाच्या खुणा बाहेर टाकते. मग शरीराचे संरक्षक सैन्य, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी, त्या खुणा पाहून तिलाच शत्रू समजते आणि मारून टाकते. आज शास्त्रज्ञ कोडाला मुख्यतः असा, आपल्याच सैन्याने आपल्याच पेशीवर केलेल्या हल्ल्याचा आजार मानतात. आनुवंशिक कल, पेशीवरचा ताण आणि सैन्याची चूक या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की कोड होते. काही रुग्णांत थायरॉइड ग्रंथीवरही असाच हल्ला होतो. म्हणून डॉक्टर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात. ती टाळू नये.

या साऱ्यात मागचा जन्म कोठेही नाही. मासे आणि दूध नाही. कोणाची करणी नाही. ज्याला कोड झाले त्याची यात कसलीही चूक नाही.

टिकली, चप्पल आणि नाडी

कोडासारखे डाग काही वेळा रसायनांमुळेही पडतात. १९३९ मध्ये अमेरिकेत कातडी कमावण्याच्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडल्याचे नोंदले गेले. शोध घेतला तेव्हा त्यांच्या रबरी हातमोज्यांतील एक रसायन दोषी निघाले. आपल्याकडे चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातील रसायनाने कपाळावर नेमक्या टिकलीएवढा पांढरा डाग पडल्याची, तसेच रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पट्ट्याच्याच आकाराचे डाग पडल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. केसांच्या कलपानेही काहींना असे होते. ही रसायने रंगपेशीत शिरून तेथेच ते भडक अंश वाढवतात. २०१३ मध्ये जपानमध्ये कातडी उजळवणारी प्रसाधने वापरून हजारो स्त्रियांना असे डाग पडले आणि कंपनीला माल बाजारातून परत घ्यावा लागला.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. टिकलीखाली खाज आली, लाली आली किंवा रंग फिका पडला तर ती टिकली त्याच दिवशी बंद करावी. चपलेचेही तसेच. रबरी हातमोजे घालून किंवा रसायनांत हात घालून काम करणाऱ्यांनी हाताचा रंग बदलल्यास डॉक्टरला कामाची माहिती द्यावी. ज्यांना आधीच कोड आहे त्यांच्या कातडीला खरचटले, घासले किंवा दाब पडला तर तेथे नवा डाग उठू शकतो. परकराची नाडी कंबरेला करकचून बांधल्याने तेथे डाग येतात. नाडी रुंद आणि सैल बांधावी.

उपचार आहेत, चमत्कार नाहीत

कोडावर उपचार आहेत. सुरुवातीलाच गेल्यास ते अधिक लागू पडतात. लावण्याची मलमे आहेत, वेगाने पसरणारे कोड थोपवणाऱ्या गोळ्या आहेत आणि किरणांचा उपचार आहे. १९४८ मध्ये कैरोचे डॉ. एल मोफ्ती यांनी एका वनस्पतीतून काढलेले औषध आणि ऊन यांचा एकत्र उपयोग केला. आपल्याकडील बावचीतही त्याच जातीचे द्रव्य आहे. पण बावचीचा लेप लावून घरच्या घरी उन्हात बसल्यास कातडी भाजून फोड येतात, म्हणून ते करू नये. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्याचा उपयोग यशस्वी झाल्याचे दाखवले. आज हाच उपचार जगभर वापरला जातो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे अनेक महिने जावे लागते. चेहरा आणि मान लवकर सुधारतात, बोटांची टोके आणि ओठ उशिरा. कोड बराच काळ स्थिर असेल तर चांगल्या कातडीचे रोपण करता येते. २०२२ मध्ये अमेरिकेत एका नव्या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. चुकलेल्या सैन्याला आवर घालणे हे त्याचे काम आहे.

कॅटलेजसारखे काम करणारे मलमही तयार केले गेले. त्याच्याबद्दल मोठी आशा होती. पण २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या तुलनात्मक चाचणीत, किरणांसोबत हे मलम लावणाऱ्यांना आणि साधे मलम लावणाऱ्यांना सारखाच फायदा झालेला दिसला. विज्ञान असेच चालते. मत कितीही आवडते असले तरी ते परीक्षेला बसवावे लागते.

जे औषध परीक्षेला बसतच नाही, त्याची जाहिरात मात्र भिंतीवर, बसच्या पाठीमागे आणि मोबाइलवर असते. 'कोड सात दिवसांत मुळासकट बरे, गॅरंटी!' वाचकहो, १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यात कोडाचे नाव यादीत आहे. कोड बरे करण्याचा दावा करणारी अशी जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे ती जाहिरात हाच गुन्हा आहे. अशांच्या झगझगणाऱ्या तेलांनी कातडी भाजते आणि भाजलेल्या जागी नवे कोड उठते. महिन्याचा पगार तेथे ओतण्यापेक्षा सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात केसपेपर काढावा. रांग लांब असेल, पण निदान खरे मिळेल. मलमातही सावध राहावे. दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून स्वतःच महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ होते.

गोळ्या आणि भाजी

बाजारात 'अँटिऑक्सिडंट' असे छापलेल्या महागड्या गोळ्या मिळतात. विकरे ही प्रथिने आहेत. ती गिळली तर डाळीतल्या प्रथिनांसारखी पोटात पचून जातात, कातडीपर्यंत जशीच्या तशी पोहोचत नाहीत. नुसते जास्त घेतल्याने भले होते असेही नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

या विकरांना लागणारे तांबे, जस्त, लोह आणि सेलेनियम अगदी थोड्या प्रमाणात लागते. ते आपल्या साध्या जेवणातून मिळते. मेथी, चवळई, शेवगा, मूग-मटकीची उसळ, शेंगदाणे, तीळ, बाजरी, अंडी, मासळी, जे परवडेल ते आलटून पालटून खावे. याने कोड जाते असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नये. पण शरीराचे राखणदार उपाशी राहणार नाहीत. कोडाच्या रुग्णाला आंबट, दूध किंवा मासे बंद करण्याचे काही कारण नाही. वाढत्या मुलांचे खाणे तोडले तर नुसती अशक्तपणाची भर पडते.

लग्नाचा प्रश्न

आता सर्वात अवघड गोष्ट. कोड असलेल्या मुलीचे लग्न मोडते आणि कोड असलेल्या मुलाचे मात्र जमते, हे आपण पाहतो. "मुलांना होईल" ही भीती पुढे केली जाते. आई किंवा वडिलांना कोड असेल तर मुलांना धोका थोडा वाढतो हे खरे आहे. पण दहापैकी नऊंपेक्षा अधिक मुलांना ते होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात घटस्फोटाच्या कारणांत कुष्ठरोग होता, तोही २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. कोड तर त्या यादीत नव्हतेच. लग्नानंतर डाग उठले म्हणून सुनेला माहेरी पाठवणाऱ्यांना कायद्याचा आधार नाही. मात्र लग्न ठरवताना डाग लपवू नयेत. लपवलेली गोष्ट उघड झाली की आजारापेक्षा फसवणुकीचा राग मोठा होतो. डाग दाखवून, माहिती देऊन जे स्थळ येईल तेच टिकते.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्थापन केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी काम करते. कोड असलेल्या तरुणीच्या आयुष्यावर 'नितळ' हा मराठी चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये केला. जगप्रसिद्ध गायक मायकेल जॅक्सन यांनी आपल्याला कोड असल्याचे १९९३ मध्ये दूरदर्शनच्या मुलाखतीत सांगितले. त्यांचे निधन २५ जूनला झाले. तो दिवस २०११ पासून जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो.

आपण काय करायचे? वर्गात कोड असलेल्या मुलाशेजारी आपले मूल बसवावे. त्याच्या घरचा चहा प्यावा. हळदीकुंकू असो, बारसे असो की वाढदिवस, त्या मुलीला मुद्दाम बोलावून पुढे बसवावे. तिच्या हातची भाजी वाढून घ्यावी. कोणी डागाकडे टक लावून पाहत असेल तर त्याला हा लेख वाचायला द्यावा. रंगपेशी मेल्या तर कातडी पांढरी होते, एवढेच. त्यांना वाचवण्याची धडपड डॉक्टर करीत राहतील. त्या मुलीला आतल्या खोलीतून बाहेर आणण्याचे काम मात्र आपले आहे, आणि त्याला औषध, पैसा किंवा डॉक्टर यांपैकी काहीच लागत नाही.